शीची तपासणी: डबी कशी भरायची

परभणीत लॅबमध्ये काम करतो, म्हणून रोज सांगावं लागतं: माय, डबी काठोकाठ भरू नका! बोराएवढी शी पुरते. पातळ असेल तर दोन-तीन चमचे. आव किंवा रक्त दिसत असेल तर नेमका तोच भाग घ्या, अमिबा (आव पाडणारा सूक्ष्म जीव) बहुधा तिथंच सापडतो.

शी कोरड्या प्लास्टिकवर करा, संडासच्या भांड्यातून उचलू नका. लघवी किंवा पाणी मिसळलं की हलता अमिबा मरतो. एरंडेल किंवा अँटिबायोटिक घेतलं असेल, बेरियमचा एक्स-रे काढला असेल, तर आधी सांगा.

खरी घाई वेळेची. पातळ शी अर्ध्या तासात बघावी लागते. म्हणून गंगाखेडहून डबी एसटीनं पाठवण्यापेक्षा पेशंटलाच आणा. घट्ट शी फ्रिजमध्ये दिवसभर चालते. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर राहिली, तर हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि ओळखायचा घोळ होतो.

आम्ही काचपट्टीवर एका बाजूला सलाईन, दुसऱ्या बाजूला आयोडीन घेतो. सलाईनमध्ये हालचाल दिसते, आयोडीनमध्ये सिस्टची (कवच धरून बसलेल्या सूक्ष्म जीवाची) केंद्रकं.

एकदा रिपोर्ट ‘निल’ (काही सापडलं नाही) आला म्हणून खूश होऊ नका. जिआर्डिया हा जुलाब लावणारा सूक्ष्म जीव शीतून रोज बाहेर पडत नाही. एक दिवसाआड असे ३ नमुने १० दिवसांच्या आत द्या.

लेकराला रात्री मागच्या जागी खाज सुटते? मग शी नकोच. सकाळी उठल्या-उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागेवर दाबा आणि काचपट्टीवर चिकटवून आणा. पिनवर्म या बारीक पांढऱ्या जंताची अंडी तिथं असतात, शीत क्वचितच.