दोन फ्लास्क वाटाणे आणि तीन फसवे शब्द

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं, तेही आनंदाने. पुढे नोकरी लागली ती एका महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून, आणि पहिल्याच आठवड्यात मुलांच्या प्रॅक्टिकलची मांडणी गळ्यात पडली. श्वसन, वनस्पतींचं पोषण आणि रोगप्रतिकार हे तिन्ही विषय मी असे उलट्या टोकाने शिकलो. आधी काचेची भांडी धुतली, मग धडे वाचले. जे उशिरा किंवा दुसऱ्या शाखेतून इकडे येताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मला अवघड शब्दांनी त्रास दिला नाही. तंतुकणिका (पेशीतला श्वसनाचा भाग), हरितलवक (पानातला हिरवा, अन्न बनवणारा भाग), प्रतिपिंडं (जंतूंना चिकटणारी शरीरातली प्रथिनं) हे शब्द चार दिवसांत तोंडात बसतात. घात केला तो आधीपासून माहीत असलेल्या शब्दांनी: श्वास, खत आणि प्रतिकारशक्ती.

सुरुवात फ्लास्कपासून करतो. प्रयोग जुनाच आहे. एका थर्मास फ्लास्कमध्ये मोड आलेले वाटाणे, दुसऱ्यात उकळून मारलेले, दोन्हींत थर्मामीटर आणि तोंडाला कापसाचा बोळा. मोडाचे वाटाणे जिवंत, म्हणून ते श्वसन करणार आणि त्यांचा फ्लास्क तापणार. मेलेले थंड राहणार. दोन दिवस तसंच झालं. मोडाच्या फ्लास्कचा पारा खोलीच्या तापमानापेक्षा सहा-सात अंश वर गेला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर मेलेल्या वाटाण्यांचा पाराही वर! मुलं यायला अर्धा तास होता. बोळा काढला, तर आंबूस घाण वास आणि वाटाण्यांवर बुळबुळीत थर.

उकळलेले वाटाणे जंतुनाशकात बुडवून ठेवायचे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.) वाटाणे मेलेलेच होते, पण त्यांच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढली होती आणि श्वसन ते करत होते. फसलेल्या त्या प्रयोगाने मला श्वसन म्हणजे काय ते एका झटक्यात कळलं. वाटाण्याला नाक नाही, फुप्फुस नाही, जिवाणूला तर तंतुकणिकाही नाहीत, तरी दोघंही श्वसन करतात. छाती वरखाली होणं हा श्वासोच्छ्वास, म्हणजे हवेची ने-आण. श्वसन घडतं पेशीत. तिथे ग्लुकोजसारखं इंधन टप्प्याटप्प्याने मोडतं, त्यातली काही ऊर्जा एटीपी या रेणूत पकडली जाते आणि उरलेली उष्णता म्हणून निसटते. फ्लास्क तापला तो या निसटलेल्या उष्णतेने.

एटीपीला पुस्तकं 'ऊर्जेचं चलन' म्हणतात. हिशेब शिकलेल्या माणसाला ही उपमा अर्धीच पटते. चलन साठवता येतं. एटीपी साठवून ठेवता येत नाही. स्नायूंत जेमतेम काही सेकंदांच्या जोरदार कामापुरता शिल्लक असतो आणि सतत नव्याने बनवावा लागतो. श्वास कोंडल्यावर इतक्या लवकर जीव कासावीस होतो, त्यामागे मुख्यतः रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड असतो, हेही मला तेव्हाच समजलं. एका ग्लुकोजपासून किती एटीपी? जुनी पुस्तकं 36 किंवा 38 सांगतात, नवी 30 ते 32. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, पण फरक छपाईच्या चुकीचा नाही. तंतुकणिकेच्या पटलातून थोडी गळती होते आणि काही ऊर्जा वाहतुकीत जाते, ती नंतर मोजली गेली. ऑक्सिजनशिवायच्या किण्वनात मात्र फक्त 2, यावर सगळ्यांचं एकमत.

आता खत. मोडाचे वाटाणे वाळवून तोलले, तर ते मूळच्या कोरड्या वाटाण्यांपेक्षा हलके भरतात. मोड डोळ्यांना वाढलेला दिसतो, पण ते पाणी. अंधारात तो डाळिंबीतला साठाच खात असतो आणि त्यातला कार्बन हवेत सोडत असतो. मग झाड वजनदार होतं कशाने? मी बेधडक म्हणालो असतो, मातीने. हेच तपासायला सतराव्या शतकातल्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉंट या शास्त्रज्ञाने कुंडीत सुमारे 90 किलो कोरडी माती तोलून घातली, त्यात विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन सुमारे 74 किलोंनी वाढलं, माती घटली जेमतेम 57 ग्रॅम. हे छापून आलं 1648मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं, आणि तिथे तो अर्धा चुकला. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसाने घडवला आणि लाकूड जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यासही त्यानेच केला होता. उत्तर त्याच्या हातात होतं, फक्त ते कुंडीशी जोडायचं राहिलं.

वाळलेल्या लाकडाचा बहुतेक भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून आलेला असतो. जमिनीतली खनिजं किती, ते पाहायचं तर ओंडका जाळून उरलेली राख पाहा. तरी तेवढ्यावाचून झाडाचं अडतं. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, प्रथिनांना नायट्रोजन लागतो, एटीपीला फॉस्फरस. खत म्हणजे झाडाचं अन्न नाही. अन्न ते स्वतः करतं, खत त्याला सामान पुरवतं.

कमतरतेची लक्षणं पाठ करू नका, एकच प्रश्न विचारा: हे मूलद्रव्य झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पानाला देता येतं का? नायट्रोजन देता येतो, म्हणून त्याची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह जवळपास हलत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. अर्धा तक्ता इथेच सुटतो. आणि 'झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री कार्बन डायऑक्साइड' हे वाक्य उत्तरपत्रिकेत तसंच उतरवू नका. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं, एवढंच.

प्रतिकारशक्ती या शब्दाशी गाठ पडली ती फुटलेल्या परीक्षानळीमुळे. बोट कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी काखेत दुखरी गाठ. घाबरलो. आमचे बागेचे काका बघून म्हणाले, "अवधाण आलंय रे, जखम बसली की तीही बसेल." बसली. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. जखमेतून आलेल्या जंतूंचे तुकडे तिथे पोचतात आणि ते ओळखणाऱ्या पेशींची तिथे पैदास सुरू होते.

मला वाटायचं, शरीर जंतू पाहतं आणि मग त्याच्या मापाचं प्रतिपिंड घडवतं. लायनस पॉलिंगसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेही 1940च्या सुमारास असंच मांडलं होतं. 1957मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने उलट सांगितलं आणि ते खरं ठरलं. निरनिराळ्या मापांच्या असंख्य पेशी शरीरात आधीच तयार असतात. जंतू आला की जी जुळते तिचीच संख्या वाढते. मोजक्या पेशींच्या फौजा व्हायला दिवस लागतात, म्हणून पहिल्या खेपेला आपण आजारी पडतो. त्यातल्या काही पेशी पुढे टिकून राहतात, आणि लस त्यांच्यावरच भिस्त ठेवते. 1796मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गाईच्या देवीचा स्राव एका मुलाला टोचला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी 1980मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं.

म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे ऐकलं की मी विचारतो, कुठली? परागकणांवर तुटून पडली तर ती ॲलर्जी. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटली तर पहिल्या प्रकारचा मधुमेह. पाण्याच्या टाकीसारखी तिची पातळी मोजता येत नाही.

वाटाण्याचा एक प्रश्न मला फार उशिरा पडला. दोन्ही फ्लास्क चार दिवस ओलसर, उबदार, मग सडले फक्त मेलेलेच कसे? मोडाच्या वाटाण्यांवरही जंतू होतेच. वनस्पतीत आपल्यासारख्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी नाहीत, प्रतिपिंडं नाहीत. प्रत्येक पेशी आपल्यापुरती लढते. बुरशी शिरली की वाटाणा पिसाटिन नावाचं बुरशीला मारक रसायन तयार करतो, ते 1960मध्ये वेगळं करण्यात आलं. उकळलेल्या वाटाण्यात ते करायला कोणी उरलेलं नसतं.

हल्ली मी तीन फ्लास्क मांडतो. तिसऱ्यात उकळलेले, पण जंतुनाशकात न बुडवलेले वाटाणे. त्यावर चिठ्ठी लावत नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी नाक दाबून विचारायला येतंच.