अ‍ॅम्बेसेडरच्या व्हॉल्व्हचे काम करताना या चुका टाळा

साताऱ्याच्या आसपास १४८९ सीसी इंजिनाची जुनी अ‍ॅम्बेसेडर जिवापाड जपणारी मंडळी आजही आहेत. पसरणी घाटात गाडी ओढेनाशी झाली, की त्यांपैकी बरेच जण हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून थेट व्हॉल्व्ह घासायला बसतात. गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) न तपासता सीटला (मिटलेला व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो त्या गोल कडेला) हात लावणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मी स्वतः ती केली आहे. दोन संध्याकाळी पेस्ट लावून आठही व्हॉल्व्ह घासले, प्रत्येकावर एकसारखी करडी कडी उमटली आणि मला समाधान वाटले. परंतु महिन्याभरात तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग (मधूनमधून न पेटणे) परत आले. हेड पुन्हा उतरवले, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडी एका बाजूला चमकत होती आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर काजळी बसलेली होती. गाइड झिजल्यामुळे दांडी हलत होती आणि व्हॉल्व्ह दर वेळी थोडा तिरका बसत होता. व्हॉल्व्ह सीटपासून सुमारे १० मिलिमीटर उचलून आडवा हलवून पाहिला असता, तर हे आधीच कळले असते. दांडीच झिजली आहे का, हे ठरवण्यासाठी त्याच गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह घालून पाहावा. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला, तर इनटेकच्या गाइडमधून ऑइल ओढले जात असल्याची शंका घ्यावी.

गाइड बदलल्यावर सीट कटिंग करावेच लागते, कारण कटर गाइडच्या मध्यावरच चालतो. घासणे त्यानंतर, तेही थोडेच. जास्त घासल्यास सीट रुंद होते आणि तिच्यावर कार्बन धरतो. पेस्टचा कणही गाइडमध्ये राहू देऊ नये. उतरवलेले व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवावेत.

दुसरी चूक म्हणजे टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीचा, आवाज नाही म्हणून निर्धास्त राहणे. या बिडाच्या हेडमध्ये मुळात सीट हेडमध्येच कापलेल्या असतात. पेट्रोलमधले शिसे त्यांची झीज रोखत असे आणि देशभरात ते २००० साली बंद झाले. एक्झॉस्टची सीट खचली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचे अंतर कमी होते, आवाजही कमी होतो आणि अखेरीस व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्यामुळे जळतो. हेड उघडलेलेच असेल, तर एक्झॉस्टला कठीण पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात.

टॅपेट ०.०१५ इंचावर लावताना नऊचा हिशेब सोपा पडतो, म्हणजे दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ यावी: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठवा लावायचा, दुसरा उघडा असताना सातवा. नव्या गॅस्केटनंतर हेडचे नट पुन्हा ताणले, की हेड किंचित खाली बसून हे अंतर घटते, म्हणून त्या दिवशी आठही टॅपेट पुन्हा मोजावेत.