मुलांच्या डिंगी शर्यतीचा दिवस : किनाऱ्यावरची आणि पाण्यावरची व्यवस्था

मुलांसाठी शिडाच्या डिंगींची, म्हणजे लहान उघड्या होड्यांची, शर्यत भरवायची म्हटले की आयोजकांचे लक्ष आधी वाऱ्याकडे आणि मार्गाच्या आखणीकडे जाते. वास्तविक पहिले काम नोंदीचे आहे. या क्षणी पाण्यावर नेमकी किती मुले आहेत, या प्रश्नाचे उत्तर दिवसभरात केव्हाही, कोणाला हाक न मारता देता आले पाहिजे. त्यासाठी टॅलीची जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. उतारावर होड्या जिथून पाण्यात जातात तिथेच एक फळा उभा करावा, प्रत्येक होडीच्या शीड क्रमांकाचा बिल्ला त्यावर खिळ्याला अडकवावा, आणि पाण्यात उतरताना तो मुलाने स्वतः काढून लाइफ जॅकेटला लावावा व परतल्यावर स्वतःच जागेवर अडकवावा. हे काम आईवडिलांनी किंवा प्रशिक्षकाने करता कामा नये, कारण मग बिल्ला आणि मूल एकाच जागी असल्याची खात्री उरत नाही. आमच्या एका शर्यतीत संध्याकाळी एक खिळा रिकामा दिसला आणि दोन सेफ्टी बोटी (बचावाच्या मोटारबोटी) पाऊण तास पाणी पालथे घालत राहिल्या. मुलगा मात्र कपडे बदलून गाडीत गाढ झोपला होता आणि बिल्ला ओल्या जॅकेटसह पिशवीत होता. तेव्हापासून बिल्ला विसरणाऱ्याला गुणांचा दंड होईल, असे वाक्य आम्ही शर्यतीच्या सूचनापत्रकात आधीच छापतो.

हे सूचनापत्रक शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत मुलांच्या हाती पडावे. शर्यत वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या होड्यांच्या खेळाच्या जागतिक संघटनेच्या 2025 ते 2028 या कालावधीच्या नियमांनुसार होईल, हे त्यात लिहावेच. पण मार्गाची आकृती, मार्क (वळायच्या जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) कोणत्या रंगाचे आहेत आणि ते कोणत्या बाजूला ठेवून वळायचे, प्रत्येक फेरीची कालमर्यादा आणि तक्रार नोंदवण्याची मुदत हा तपशील मुले खरोखर वाचतात. प्रवेशअर्जासोबत पालकांची लेखी संमती, मुलाला दमा किंवा ॲलर्जी असल्यास तशी नोंद, आणि त्या दिवशी किनाऱ्यावर हजर राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा.

शर्यतीत उतरायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी त्या होडीचा असतो, असे नियम सांगतो. अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र या वाक्याआड लपण्याची सोय आयोजकांना नाही. वाऱ्याची मर्यादा ताफ्यातल्या सर्वांत नवख्या मुलाकडे आणि हाताशी असलेल्या सेफ्टी बोटींच्या संख्येकडे पाहून ठरवावी. ऑप्टिमिस्ट ही मुलाने एकट्याने चालवायची, जेमतेम 2.3 मीटर लांबीची होडी आहे. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापाच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे 11 ते 16 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात, सरावलेली मुले मजेत पळवतात, तर पाचव्या पायरीवर 17 नॉट ओलांडताच नवख्यांच्या होड्या एकामागून एक पाण्याने भरू लागतात. वारा मोजायचा तो शर्यतीच्या जागी, बोटीतून. विशेषतः वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तेव्हा उतारापाशी पाणी शांत दिसते आणि फसगत होते. झाडे आणि इमारतींचा आडोसा संपला की खरा जोर कळतो, आणि तिथे उलटलेली होडी किनाऱ्यापासून लांबच वाहत जाते. मेघगर्जना ऐकू आली तर सर्वांना परत आणावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही सोडू नये.

होड्यांची तपासणी उतारावरच उरकावी. ऑप्टिमिस्टमधल्या हवेच्या तिन्ही पिशव्या घट्ट फुगलेल्या आणि पट्ट्यांनी आवळलेल्या आहेत का, पाणी उपसण्याचे भांडे दोरीने होडीला बांधले आहे का, आणि ओढून नेण्याची दोरी तरंगणारी आहे का, एवढे तरी हात लावून पाहावे. लाइफ जॅकेट घातलेल्या मुलाला समोर उभे करून जॅकेटचे खांदे वर ओढावेत. ते कानापर्यंत सरकले तर माप मोठे आहे, मग पालक काहीही म्हणोत. शिटी जॅकेटलाच बांधलेली असावी.

सेफ्टी बोटीत दोन मोठी माणसे हवीत, एक चालवायला आणि एक मुलांना आत घ्यायला. चालकाने किल कॉर्ड (चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी) अंगाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये आणि पाण्यातल्या मुलाजवळ पोहोचताच ते बंद करावे. आधी डोकी मोजावीत, मग माणसे उचलावीत, होडी सर्वांत शेवटी. रिकामी होडी नांगरून किंवा खूण बांधून सोडली तरी चालते, पण तिच्यात मूल नाही हे बिनतारी यंत्रावर लगेच कळवावे. प्रशिक्षकांच्या बोटींनी तयारीच्या खुणेपासून (सुटायला चार मिनिटे उरली की चढणाऱ्या झेंड्यापासून) शर्यतीच्या क्षेत्राबाहेर राहावे. वारा अचानक चढला आणि शर्यत समितीने एका आवाजासह व्ही झेंडा दाखवला, की त्यांनी समितीच्या बिनतारी वाहिनीवर कान ठेवून बचावकार्याच्या सूचना घ्याव्यात.

सुरुवातीची रेषा आखताना कंजुषी करू नये. सर्व होड्यांच्या एकूण लांबीच्या दीडपट रेषा धरली, तर चाळीस ऑप्टिमिस्टना सुमारे 138 मीटर लागतात. याहून आखूड रेषेवर मुले एकमेकांवर आदळतात आणि फेरी पुन्हा पुन्हा परत बोलवावी लागते. रेषा वाऱ्याला काटकोनात असावी, डावे टोक किंचित पुढे झुकलेले असले तर उत्तम, म्हणजे सारी गर्दी उजव्या टोकाच्या कमिटी बोटीला (शर्यत समितीच्या बोटीला) चिकटत नाही. पाच मिनिटे उरली की वर्गाचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा चढतो, चार उरली की तयारीचा, एक मिनिट उरले की तयारीचा झेंडा उतरतो आणि शून्यावर वर्गाचा. वेळ झेंड्यावरून मोजायची असते, भोंगा वाजला नाही तरी ती बदलत नाही; ही एक गोष्ट सकाळच्या बैठकीत मुलांकडून वदवून घ्यावी. एखादी होडी आधी सुटली तर एका आवाजासह एक्स झेंडा, आणि सगळा घोळकाच सुटला तर दोन आवाजांसह सर्वांना परत बोलावणारा ‘पहिला सब्स्टिट्यूट’ झेंडा. वारंवार असे झाले तरी तयारीच्या झेंड्याच्या जागी काळा झेंडा, जो शेवटच्या मिनिटात रेषेपुढे सापडलेल्यांना बाद करतो, टाळावा असे माझे मत आहे. त्याखाली बाद झालेल्या मुलाला फेरी नव्याने सुरू झाली तरी भाग घेता येत नाही, तर त्याच कामाच्या यू झेंड्याखाली तशी संधी मिळते.

वाटेच्या हक्काचे नियम मुलांना वर्गात शिकवलेले असतातच. बैठकीत फक्त उजळणी करावी: उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीचा हक्क आधी, एकाच बाजूने वारा घेत जोडीने जाणाऱ्या होड्यांत वाऱ्याकडच्या होडीने बाजूला व्हावे, आणि मार्कभोवतीचे क्षेत्र तीन होड्यांच्या लांबीचे, म्हणजे ऑप्टिमिस्टसाठी सुमारे सात मीटरचे असते. मार्कला धक्का लागला तर दंड म्हणून होडीची एक गिरकी, दुसऱ्या होडीची वाट अडवली तर दोन.

तक्रार करणाऱ्याने जागच्या जागी ‘प्रोटेस्ट’ असे ओरडून सांगायचे असते. सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा दाखवण्याची गरज नसते. सुनावणीच्या टेबलावर चार खेळण्यातल्या होड्या आणि वाऱ्याची दिशा दाखवायला एक पेन्सिल ठेवावी. तोंडाने धड दोन वाक्ये न सांगणारी मुले होड्या हातात येताच सगळा प्रसंग मांडून दाखवतात. मूल एकट्या परीक्षकासमोर कधीही बसवू नये. पालक खोलीत असावा, पण त्याने बोलू नये, आणि हे त्याला दाराबाहेरच सांगावे.

गुणांची पद्धत सोपी आहे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि फेरी पूर्ण न करणाऱ्याला एकूण प्रवेशसंख्येपेक्षा एक अधिक, सूचनापत्रकात वेगळे काही नसेल तर सर्वांत वाईट फेरी एक वगळली जाते. निकाल लावण्याची घाई बक्षीस समारंभासाठी होते, आणि त्याच गडबडीत सेफ्टी बोटी ट्रॉलीवर चढवल्या जातात. फळ्यावरचा शेवटचा खिळा भरल्याचे नोंद ठेवणाऱ्याने बिनतारी यंत्रावर सांगेपर्यंत निदान एक बोट इंजिन चालू ठेवून पाण्यातच थांबवावी.