टेस्ट सर्टिफिकेटवरचा कार्बन इक्विव्हॅलंट वेगळा, एमिशनच्या फॉर्ममधला वेगळा. दोन्ही कसे काढायचे

एक्स्पोर्टचं फॅब्रिकेशन करणाऱ्यांकडे हल्ली दोन कागद येतात, एक प्लेटबरोबरचं टेस्ट सर्टिफिकेट आणि दुसरा कस्टमरचा एमिशनचा फॉर्म (हवेत किती गॅस सोडला त्याचा हिशोब), आणि कार्बन इक्विव्हॅलंट दोन्हीकडे असतो. पहिल्यातला ०.४१ उचलून दुसऱ्यात भरलेला मी बघितलाय, म्हणून सांगतो, आधी युनिट बघा. सर्टिफिकेटवर टक्के, फॉर्मवर किलो नाहीतर टन.

प्लेटचा सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, हा बाकीचे घटक धरून स्टील वेल्डिंगला किती अवघड ते सांगणारा आकडा. तो काढताना आधी प्लेटवरचा आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या घाणीचा नंबर) जुळवून घ्या. मग कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-कॉपरची बेरीज भागिले १५. समजा कार्बन ०.२० आणि मँगनीज १.२०, तर इथेच ०.४० झाला, आणि त्यातला निम्मा मँगनीजचा! नुसता कार्बन बघून 'माइल्ड स्टीलच आहे, मारा वेल्ड' म्हणणारे इथेच फसतात. आयएस २०६२ या स्ट्रक्चरल स्टीलच्या भारतीय स्टँडर्डमध्ये ई२५० ए ग्रेडला लिमिट ०.४२ आहे. सीई जास्त असला की वेल्डच्या शेजारची पट्टी थंड होताना कडक होते, आणि हायड्रोजनमुळे क्रॅक कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो, तोवर माल पेंट होऊन गेलेला असतो. जाड प्लेट उष्णता भराभर ओढून घेते, तिथे तर प्रीहीट (वेल्डआधी प्लेट तापवणं) आणि ओव्हनमधून काढलेला ७०१८ हा लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड, यात कंजुषी नकोच.

फाउंड्रीवाल्यांचा कास्ट आयर्नचा सीई अजून वेगळा, कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, आणि तो ४.३ च्या (युटेक्टिक, म्हणजे सगळ्यात कमी तापमानाला गोठणारं मिश्रण) किती खाली-वर आहे ते बघायचं. फार खाली गेला तर पातळ भागात चिल, म्हणजे कडक पांढरं लोखंड, येतो, मशीनिंगला टूल टिकत नाही.

आता फॉर्म. इथे धातूच्या केमिस्ट्रीचा काही संबंध नाही, हवेत गेलेला प्रत्येक गॅस किलोत मोजायचा आणि त्याच्या १०० वर्षांच्या जीडब्ल्यूपीने, म्हणजे तो सीओटूच्या किती पट तापवतो त्या आकड्याने, गुणायचा. सीओटूचा १, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालात मिथेनचा २८, नायट्रस ऑक्साइडचा २६५. ऑफिसच्या एसीतून २ किलो आर-४१०ए हा कूलिंगचा गॅस गळला तर गुणिले १९२४, म्हणजे ३,८४८ किलो, जनरेटरमध्ये साधारण १,४०० लिटर डिझेल जाळल्याइतका! म्हणून गॅस रिफिलची बिलं जपून ठेवा. कितव्या अहवालाचे आकडे धरायचे हे मात्र कस्टमरला आधीच विचारा, दर अहवालात ते थोडे बदलतात.

आणि कुणी 'टन कार्बन' मागितलं तर ते टन सीओटू नव्हे, १ टन कार्बन जळून ३.६७ टन सीओटू होतो, ४४ भागिले १२.