घरच्या संगणकासाठी मेसेजिंग प्रोग्राम निवडताना

व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि सिग्नल हे तिन्ही प्रोग्राम संगणकाच्या पडद्यावर जवळपास सारखेच दिसतात. खरा फरक संदेश कोठे साठतो आणि तो कोणाला वाचता येतो, यात आहे. टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण कंपनीच्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे फोन बंद असला तरी संगणकावर जुने संदेश मिळतात, परंतु ते एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे) नसतात, हे आधार कार्ड किंवा बँकेची कागदपत्रे पाठवण्यापूर्वी अवश्य लक्षात घ्यावे. अशा कागदपत्रांसाठी मी सिग्नलच सुचवेन. सिग्नलप्रमाणेच व्हॉट्सॲपवरील संदेशही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, शिवाय शाहूपुरीतील व्यापाऱ्यापासून शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीपर्यंत कोल्हापुरातील बहुतेक मंडळी तेथेच भेटतात, म्हणून रोजच्या कामाला ते सोयीचे. मात्र मुख्य फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडले नाही, तर संगणकावरील जोडणी आपोआप तुटते. फाउंड्रीला ड्रॉइंगचा फोटो धाडताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा, अन्यथा फाइलचा आकार कमी केला जाऊन बारीक मापे पुसट होतात. कोणताही प्रोग्राम अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा, आणि घरातील संगणक अनेकजण वापरत असतील, तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी अधूनमधून तपासून अनोळखी जोडणी तत्काळ काढून टाकावी.