दगडावरच्या आडनावाचं गाव कसं शोधाल

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत शेवाळलेला एक दगड ओल्या फडक्यानं हलकेच पुसला, तर अक्षरं उमटली: शफलबॉटम. असं आडनाव दिसलं की आधी शेपूट बघा. आपलं ‘कर’ गाव सांगतं, तसं हे ‘बॉटम’. जुन्या इंग्रजीत दरीचा तळ. हे आडनाव मूळ इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या ‘बरी’ या गावाजवळचं. स्पेलिंगला मात्र चिकटून बसू नका. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचे, म्हणून शिपरबॉटमही शोधा. ब्रिटनच्या १८८१च्या जनगणनेत नाव कुठे दाट आहे ते पाहा. तिथून मागे १८३७पासूनची तिथली नागरी (जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी) नोंदणी, त्याआधी १५३८पासूनची चर्चची दप्तरं. मुंबईतले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या, दप्तरांत सापडतात. आणि हो, शेजारचे दगडही वाचा. बायको-मुलं बहुधा तिथेच असतात.