बॉस्टन पायी बघायचंय? लाल रेघ धरा, पण सगळी एका दमात नको

बॉस्टनला जायचं ठरलं की सगळे एकच सांगतात, फ्रीडम ट्रेल करा. बरोबरच आहे ते. पण ट्रेल म्हटल्यावर लोकांना जंगलातली पायवाट वाटते. तसं काही नाही, भर शहरातल्या फुटपाथवर एक लाल रेघ आहे, कुठे विटांची, कुठे नुसती रंगवलेली, आणि ती धरून चालत गेलं की अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित 16 जागा लागतात. लांबी अडीच मैल, म्हणजे 4 किमी. 1951 मध्ये एका पत्रकाराने ही कल्पना मांडली कारण सगळ्या जागा जवळजवळ असूनही लोक नुसते हरवत होते.

4 किमी ऐकून आपण म्हणतो एवढंच ना, दोन तासात उरकू. मीपण तेच म्हटलं होतं, पायात पातळ सँडल आणि जूनच्या दुपारी साडेअकराला सुरुवात, पुढचं काय सांगू. नुसतं चालायचं तर दीड-दोन तासात होतं, पण आत जाऊन बघायचं, थांबायचं, खायचं तर पूर्ण दिवस जातो आणि दोन दिवसात वाटून केलं तर अजून मजा येते. बूट चांगले घाला, काही गल्ल्यांमध्ये जुने दगड आहेत आणि ते पायाला चांगलेच कळतात.

गाडी नेऊ नका प्लीज. जुन्या शहराचे रस्ते वेडेवाकडे, पार्किंग महाग, सबवे म्हणजे भुयारी रेल्वे घ्या, तिला तिथे नुसतं टी म्हणतात. एका फेरीचे 2.40 डॉलर, फोन किंवा कार्ड टॅप केलं की झालं, आणि 11 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरा, वर आलात की समोर बॉस्टन कॉमन ही मोठी बाग. उतरताना लक्षात असू द्या की इथला सबवे 1897 चा आहे, अमेरिकेतला पहिला, त्यामुळे स्टेशन थोडं जुनाट वाटलं तर नाक मुरडू नका.

आता माझा मुख्य सल्ला. सगळी रेघ गाईडबरोबर करू नका आणि सगळी एकट्यानेही करू नका. कॉमनपासून फॅन्युल हॉल या जुन्या सभागृहापर्यंतचा पहिला भाग गाईडबरोबर करा कारण तिथे गोष्टी खूप आहेत आणि बघायला तेवढं नाही, नुसत्या इमारती बघून डोक्यात काहीच राहत नाही. जुन्या काळचे कपडे घातलेले गाईड असतात त्यांची टूर साधारण दीड तासाची. पहिल्यांदा मला ते पोशाखाचं प्रकरण जरा पोरकट वाटलं होतं, पण दहा मिनिटांत विसरले, माणूस गोष्ट चांगली सांगत होता. बजेट कमी असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर फुकट कार्यक्रम घेतात, वेळापत्रक सीझनप्रमाणे बदलतं म्हणून जायच्या आधी बघून घ्या. आणि ज्या टूरवर फ्री लिहिलंय पण शेवटी टिप अपेक्षित आहे, तिथे खिशात काही नोटा ठेवा, ऐनवेळी फोन काढून शोधत बसायला लाज वाटते.

कॉमन 1634 चं, अमेरिकेतली सगळ्यात जुनी सार्वजनिक बाग. तिच्या वरच्या टोकाला सोनेरी घुमटाचं स्टेट हाऊस, 1798 मध्ये पूर्ण झालेलं. घुमट आधी लाकडाचा होता, गळायला लागला म्हणून 1802 मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला प्रसिद्ध कारागीर पॉल रिव्हिअर याच्या कंपनीने त्यावर तांबं चढवलं, सोन्याचा मुलामा खूप नंतर, 1874 मध्ये. त्याच्या समोरच रस्त्याकडेला ब्राँझचं मोठं शिल्प आहे, रॉबर्ट गूल्ड शॉ हा अधिकारी आणि त्याच्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं, या रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले. लाल रेघेवरचे लोक बहुतेक फोटो काढून पुढे पळतात, पण इथूनच ब्लॅक हेरिटेज ट्रेल सुरू होतो, बीकन हिलच्या गल्ल्यांमधून 1806 च्या आफ्रिकन मीटिंग हाऊस या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चपर्यंत. मला विचाराल तर दुसऱ्या दिवशी सकाळी हाच करा, गर्दी कमी आणि स्वातंत्र्य नेमकं कोणाचं हा प्रश्न इथे जास्त नीट कळतो.

ग्रॅनरी दफनभूमी चुकवू नका, प्रवेश फुकट. जॉन हॅनकॉक, सॅम्युअल अ‍ॅडम्स, पॉल रिव्हिअर, स्वातंत्र्यलढ्यातली ही मोठी नावं सगळी इथेच. मधोमध एक मोठा दगडी स्तंभ आहे, त्यावर ठळक फ्रँकलिन लिहिलंय आणि येणारा प्रत्येक जण हा बेंजामिन फ्रँकलिन म्हणून सेल्फी काढतो. नाहीये तो! ते त्याचे आईवडील आहेत, तो स्वतः फिलाडेल्फियात पुरलाय. थडग्यांच्या दगडांवरच्या पंखवाल्या कवट्या बघा, काही तर इतक्या हसऱ्या आहेत की भीतीच वाटत नाही.

ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस आणि ओल्ड स्टेट हाऊस या दोन्हींना तिकीट आहे, एकत्र मिळतं. ओल्ड साऊथमध्ये 16 डिसेंबर 1773 ला हजारो लोक जमले होते, तिथून उठून काही जण बंदरावर गेले आणि ब्रिटिशांच्या कराच्या निषेधात चहाच्या 342 पेट्या पाण्यात ओतल्या, हीच ती बॉस्टन टी पार्टी. एक घोळ इथे खूप जणांचा होतो, टी पार्टीच्या जहाजांचं म्युझियम या ट्रेलवर नाही, ते वेगळ्या पुलाजवळ आहे आणि तिकीटही वेगळं, त्यामुळे लाल रेघ कुठेतरी आपोआप तिथे नेईल या आशेवर राहू नका. ओल्ड स्टेट हाऊस मात्र मला फार आवडतं, 1713 ची छोटीशी विटांची इमारत, भोवती उंच काचेचे टॉवर, वर ब्रिटिशांचा सिंह आणि युनिकॉर्न आणि तळघरात चक्क सबवेचं स्टेशन. बाहेर जमिनीत दगडांचं वर्तुळ दिसेल, 5 मार्च 1770 ला ब्रिटिश सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि पाच जण मेले त्या घटनेची ती खूण. त्यानंतर त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. गाईड हे सांगतो तेव्हा गर्दी एकदम गप्प होते.

फॅन्युल हॉलला टूर संपते. छपरावर सोनेरी टोळाचं वातदर्शक आहे, मान वर करा. शेजारच्या क्विन्सी मार्केटमध्ये खायला बरंच मिळतं, शाकाहारी पण सापडतं, पण दुपारी बसायला जागा मिळणं अवघड, आणि टॉयलेट इथेच उरकून घ्या कारण पुढे लवकर मिळत नाही. मी उपाशी राहून पुढे गेले नॉर्थ एंडला, इटालियन वस्ती आहे ती, पास्ता आणि कनोली या गोड पदार्थासाठी, आणि तो निर्णय बरोबर होता. पॉल रिव्हिअरचं घर इथे आहे, 1680 च्या सुमाराचं लाकडी, आत अंधारं आणि छोटं, तिकीट काढायचं की नाही तुमची मर्जी. ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये मात्र जा. 18 एप्रिल 1775 च्या रात्री याच मनोऱ्यात दोन कंदील लावून ब्रिटिश सैन्य पाण्याच्या वाटेने निघाल्याची खूण दिली होती. आत बाकांच्या जागी दारं असलेल्या लाकडी पेट्या आहेत.

यापुढे पूल ओलांडून चार्ल्सटाऊन, आणि लोक इथेच कंटाळून परत फिरतात. परत फिरू नका, पण दमला असाल तर उद्यावर टाका. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन हे 1797 मध्ये पाण्यात उतरलेलं नौदलाचं लाकडी लढाऊ जहाज अजून तरंगतंय आणि नौदलाचे खरे सैनिक ते दाखवतात, फुकट. सिक्युरिटी चेक असतो, मोठ्यांना फोटो आयडी लागतो, पासपोर्ट हॉटेलवर विसरलात तर बाहेरूनच बघावं लागेल, आणि उघडं कधी असतं ते आधी तपासा. मग बंकर हिल मॉन्युमेंट, 221 फूट, 294 पायऱ्या, लिफ्ट नाही. आईबाबा किंवा गुडघे दुखणारे कोणी सोबत असतील तर खाली गवतावर बसवा. गंमत म्हणजे 17 जून 1775 ची लढाई बरीचशी झाली शेजारच्या ब्रीड्स हिलवर आणि मॉन्युमेंटही तिथेच आहे, नाव मात्र बंकर हिल.

ट्रॉली बसचं काय? चालणं जमत नसेल तर घ्या, हवं तिथे चढा उतरा, बाकी जुन्या शहराच्या गर्दीत ती पायी माणसापेक्षा हळू जाते. डक टूर वेगळी गोष्ट, रस्त्यावरची गाडी सरळ चार्ल्स नदीत उतरते, लहान मुलं जाम खूश, इतिहास थोडका. आधी बुक करा, उन्हाळ्यात जागा जातात.

परतीला पायपीट नको. कॉन्स्टिट्यूशन उभं आहे त्या नेव्ही यार्डजवळून टी ची फेरी बोट सुटते, दहाएक मिनिटात लाँग व्हार्फ, तिथून अ‍ॅक्वेरियम स्टेशन अगदी लागूनच. वरच्या डेकवर उजेड असताना बसा, शहर पाण्यातून दिसतं आणि पायांना पहिल्यांदा आराम मिळतो. जॅकेट मात्र बाहेर काढून ठेवा, बंदरावरचा वारा उन्हाळ्यातही झोंबतो.